हीट प्रेस आहे म्हणून कॉमिक प्रेसिंग सुरू करताय? आधी हे वाचा



टी-शर्ट आणि मग प्रिंटिंगचे व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, मशीन घेतलंय, पण सीझन सोडला तर पडून असतं. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक हीट प्रेसमध्ये जुनी कॉमिक्स दाबून पैसे कमावताना दिसतात. आपण करू शकतो का?" करू शकतो. पण मशीन हा या धंद्यातला सगळ्यात छोटा भाग आहे, आणि ज्याला टी-शर्ट छापता येतात त्याला कॉमिक दाबता येईलच असं नाही. व्हिडिओमध्ये मी मशीनवर दाखवलंय. हिशेब, ग्रेडिंग आणि जोखीम मात्र बारा मिनिटांत बसत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक धोक्याची सूचना. बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल, पण हे वाचा. अमेरिकन माणूस व्हिडिओत "१६० वर ठेवा" म्हणतो तेव्हा तो फॅरेनहाइट बोलत असतो. म्हणजे आपले साधारण ७१ अंश सेल्सिअस. आपल्याकडच्या हीट प्रेसचा डायल बहुतेक वेळा सेल्सिअसमध्ये असतो, आणि सब्लिमेशनसाठी आपण तो १८० ते २०० वर ठेवतो. त्यामुळे हाताला १६० हा आकडा "कमीच" वाटतो. त्या तापमानाला पन्नास वर्षांचा न्यूजप्रिंट ठेवलात तर कागद तपकिरी होईल, शाई पलीकडच्या पानावर उतरेल आणि ग्राहकाचं कॉमिक गेलं. असलं कॉमिक दुकानातून दुसरं आणून देता येत नाही.

हा धंदा मुळात कुठला?

अमेरिकेतला. तिथे जुनी कॉमिक्स म्हणजे जमीन, सोनं, शेअर यांच्यासारखी मालमत्ता झालीय. १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १० सेंटला मिळत होता. सुपरमॅन पहिल्यांदा त्यात आला. त्याची एक उत्तम प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरच्या वर विकली गेली आणि २०२४ मध्ये दुसरी एक प्रत ६० लाख डॉलरला. हे आकडे ऐकून डोळे विस्फारू नका, कारण अशा प्रती जगात मोजक्याच आहेत. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. एकाच अंकाच्या दोन प्रती, छपाई तीच, पानं तेवढीच, आणि किमतीत दुप्पट-चौपट फरक. कशामुळे? फक्त अवस्थेमुळे.

पूर्वी ही अवस्था शब्दांत सांगायचे: मिंट, फाइन, गुड वगैरे. १९७० पासून निघणाऱ्या ओव्हरस्ट्रीट यांच्या भाव-पुस्तिकेने त्या शब्दांना बरीच शिस्त लावली. तरी एक अडचण होतीच. माल ज्याचा, ग्रेडही तोच देणार. विकणाऱ्याला आपली प्रत नेहमी एक पायरी वरची वाटते, हे तुम्हाला जुन्या बाइकच्या बाजारातही दिसेल. मग २००० साली सीजीसी नावाची कंपनी सुरू झाली. तिने एकच साधी गोष्ट केली: विकणारा आणि घेणारा या दोघांपैकी कोणीही नसलेला तिसरा माणूस ग्रेड देणार. कॉमिक पाठवायचं, फी भरायची, ते तपासून आकडा देतात आणि कॉमिक कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत सील करून परत पाठवतात. या डबीला संग्राहक 'स्लॅब' म्हणतात. सीबीसीएस ही याच कामातली दुसरी कंपनी.

आकडा ०.५ पासून १० पर्यंत, मधे एकूण २५ पायऱ्या. पण पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. खाली ४ नंतर ४.५, मग ५ असं चालतं. वर गेलं की ९.०, ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९ आणि १० अशी गर्दी आहे. नव्या कॉमिक्सचा सगळा पैसा याच गर्दीत असतो. बरेच खरेदीदार ९.८ च शोधतात. ९.६ ला ते "चांगलंय" म्हणतात आणि पुढे जातात. ९.८ आणि ९.६ यांच्यातला फरक म्हणजे कण्यावरच्या एक-दोन केसाएवढ्या खुणा किंवा किंचित बोथट कोपरा. तेवढ्यासाठी लोक प्रेसिंगचे पैसे मोजतात.

आकड्याइतकाच लेबलचा रंग महत्त्वाचा. निळं लेबल म्हणजे साधी, न छेडलेली प्रत. पिवळं म्हणजे कंपनीच्या साक्षीदारासमोर लेखकाने किंवा चित्रकाराने सही केलेली. हिरवं म्हणजे एखादा मोठा दोष वेगळा नोंदवून दिलेली ग्रेड. आणि जांभळं म्हणजे रिस्टोअर केलेली: कुठेतरी रंग भरलाय, तुकडा जोडलाय, कडा कापल्यात. जांभळं लेबल लागलं की किंमत घसरते, कधी कधी निम्म्याच्याही खाली. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, कारण उत्साही माणूस ग्राहकाचं निळ्या लायकीचं कॉमिक एका दुपारीत जांभळं करून ठेवू शकतो.

दाबल्याने नेमकं काय होतं?

इस्त्रीवाल्या काकांकडे बघा. कडक सुती शर्ट आला की आधी पाण्याचा शिपका, मग गरम इस्त्री, मग घडी. कोरड्या शर्टावर नुसती इस्त्री फिरवली तर चुण्या तशाच राहतात. कागदही झाडाचाच, त्यातही सेल्युलोजचे तंतू. ओलावा आणि ऊब मिळाली की तंतूंची आपसातली पकड सैल होते, दाबाखाली ते सरळ होतात आणि दाबातच थंड झाले की तसेच राहतात. ओलावा, ऊब, दाब आणि थंड होण्याचा वेळ, या चारही गोष्टी लागतात. नवशिके पहिलं आणि चौथं गाळतात आणि उरलेल्या दोनवर जोर देतात. तिथेच माल बिघडतो.

ओलावा द्यायचा म्हणजे कॉमिकवर पाणी मारायचं नाही! झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा, तळाला डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेला स्पंज किंवा पाण्याचा पसरट ट्रे, त्याच्या वर जाळी, जाळीवर कॉमिक. झाकण लावलं की आतली हवा दमट होते आणि कागद सावकाश ओलावा घेतो. किती वेळ? हे कागदावर अवलंबून आहे आणि तुमच्या गावावरही. मे महिन्यातल्या नागपुरात जो वेळ लागेल, तो जुलैतल्या रत्नागिरीत लागणार नाही. तिथे हवेतच एवढी ओल असते की डब्याची गरज पडेलच असं नाही. म्हणून अमेरिकन व्हिडिओतली मिनिटं जशीच्या तशी उतरवू नका. शे-सव्वाशे रुपयांचा घड्याळासारखा आर्द्रतामापक मिळतो, तो डब्यात ठेवा आणि स्वतःची वही करा. कागद हाताला मऊ, जरासा लवचिक लागला पाहिजे. ओलसर लागला तर जास्त झालं. आणि बुरशीचा वास येणारं कॉमिक या डब्यात कधीही ठेवायचं नाही. बुरशीला अशीच जागा हवी असते, आणि शेजारच्या कॉमिकलाही ती लागते.

मग सँडविच. खाली सपाट कडक बोर्ड, त्यावर सिलिकॉन लावलेला न चिकटणारा कागद, मग कॉमिक, वर पुन्हा तसाच कागद आणि बोर्ड. मधल्या पानांवर पिनांचा ठसा उमटू नये म्हणून मधोमध एक पातळ, ॲसिड-फ्री बोर्ड घालतात. तिकडचे जाणकार यासाठी फोटो चिकटवायचं ड्राय माउंट प्रेस वापरतात. त्यात दाब हलका आणि सारखा असतो, तापमान कमी आणि स्थिर राहतं. नव्या चकचकीत कव्हरच्या कॉमिकला ते १५५ ते १६५ फॅरेनहाइट, म्हणजे साधारण ६८ ते ७४ सेल्सिअस ठेवतात, आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या जाड कागदाला थोडं जास्त, ८० सेल्सिअसच्या आसपास. दहा-पंधरा मिनिटं. नंतर मशीन बंद करून कॉमिक त्याच दाबाखाली, किंवा लगेच सपाट वजनाखाली, रात्रभर ठेवायचं. गरम असताना बाहेर काढलं तर कागद हवेतला ओलावा वाकडातिकडा ओढून घेतो आणि पुन्हा लाटा येतात.

आपलं टी-शर्टचं मशीन इथे दोन ठिकाणी कमी पडतं. एक, ते १८० च्या कामासाठी बनवलंय. ७० वर लावलं की काटा कधी ६० दाखवतो, कधी ८५ ला उडी मारतो, आणि प्लेटच्या मधल्या भागात आणि कोपऱ्यात फरक असतो. स्वस्त मशीनवर तर डायलवर विश्वासच ठेवू नका. इन्फ्रारेड थर्मामीटरने प्लेटवरच्या नऊ जागा मोजा, लिहून ठेवा. दोन, दाब. कापडाला लागतो तेवढा दाब कॉमिकला दिलात तर कण्यावर पिनांचे खड्डे पडतात, पिनेजवळचा कागद फाटतो, चकाकी मरते. म्हणून पॅड मऊ हवा आणि हँडल जेमतेम बंद होईल एवढाच स्क्रू.

आणखी एक बिघाड आहे, तो सुरुवातीला लक्षातही येत नाही. ओलावा आणि उष्णता जास्त झाली की कव्हरचा कागद आतल्या पानांपेक्षा जास्त आक्रसतो. मग बंद कॉमिकच्या उजव्या कडेला आतली पानं बाहेर डोकावतात. बरीच वर्षं झाली, तिकडच्या मोठ्या व्यावसायिक कामातही असे नमुने दिसले आणि संग्राहकांनी चांगलाच गोंधळ घातला होता. आक्रसलेलं कव्हर परत ताणता येत नाही.

काय जातं, काय जात नाही

सगळं गणित एका शब्दावर आहे: रंग तुटलाय का? कॉमिक उजेडात तिरकं धरा. कव्हर वाकलंय, बोटाचा खळगा आहे, लाट आहे, कणा एका बाजूला गोल फिरलाय, पण छापील रंग अखंड आहे. हे बहुतेक जातं. घडीवर रंग उडून पांढरी रेघ दिसतेय? तिथे शाईचा थरच फुटलाय. दाबल्यावर रेघ सपाट होईल, पण पांढरीच राहील. फाटलेलं, तुकडा गेलेलं, पिवळं पडलेलं, चहाचा डाग, कसर लागलेलं, यातलं काहीच प्रेसमध्ये जात नाही. पिवळेपणा तर रोगच वेगळा. न्यूजप्रिंट स्वस्त लाकडी लगद्याचा असतो, त्यात लिग्निन राहतं, ते हवा-उजेडाने रंग बदलतं आणि कागदात आम्लता वाढते. असा कुरकुरीत झालेला कागद दाबायला घेतलात तर कडेचे तुकडे हातात येतील. अशा वेळी ग्राहकाला सरळ "नाही" म्हणायचं.

स्वच्छता करायची ती कोरडी, आणि दाबण्याआधी. आधी मळ न काढता दाबलंत तर तो मळ कागदात कायमचा बसवून टाकलात. मऊ ब्रशने धूळ झटकायची. मग व्हल्कनाइज्ड रबरचा कोरडा स्पंज किंवा कणकेच्या गोळ्यासारखा मिळणारा क्लीनर हलक्या हाताने टिपायचा. पांढऱ्या भागावर पेन्सिलीच्या किंवा बोटांच्या खुणा असतील तर मऊ पांढरं विनाइल खोडरबर, एकाच दिशेने. लाल, गडद निळा, काळा असले भरीव रंग दिसले की हात आखडता घ्या. आधी मागच्या कव्हरच्या कोपऱ्यात गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेवर करून बघा, खोडरबरावर रंग आला तर तिथेच थांबा.

सीजीसी प्रेसिंग आणि कोरडी स्वच्छता यांना रिस्टोरेशन धरत नाही, निळं लेबल मिळतं. पण स्केचपेनने पांढरी रेघ रंगवली, गोंदाने फाटलेलं चिकटवलं, ब्लेडने कडा सरळ केल्या, की जांभळं. ब्लीच किंवा पेरॉक्साइडने पानं गोरी करायचे व्हिडिओ दिसतील. ते तुमच्या दुकानात नको. रसायन कागदात राहून गेलं तर पुढची पाच-दहा वर्षं ते आपलं काम करत राहतं, आणि तोपर्यंत ते कॉमिक तुमचं नाव घेऊन तीन हात फिरलेलं असतं.

प्रेसिंग लपवायचं की सांगायचं, यावर तिकडे खूप भांडणं झालीत. एक गट म्हणतो, चादर झटकून सरळ केली, त्यात काय सांगायचं? दुसरा म्हणतो, वस्तूची अवस्था मुद्दाम बदललीय, म्हणजे सांगितलंच पाहिजे. माझं मत सांगतो. नियम विचारत नसला तरी घेणारा माणूस विचारतोच, आणि छोट्या बाजारात सगळे सगळ्यांना ओळखतात. बिलावर "कोरडी स्वच्छता व प्रेसिंग केले" एवढं लिहायला शाई जात नाही.

आता हिशेब. इथे बहुतेकांचं चुकतं

आकडे मी समजण्यासाठी धरतोय. भाव आणि फी तुम्ही त्या त्या दिवशी स्वतः तपासायची. समजा ग्राहकाकडे एकाच नव्या अमेरिकन कॉमिकच्या १० प्रती आहेत. स्लॅब न करता प्रत्येकी ६,००० रुपयांना विकल्या जातात. ९.८ चा स्लॅब १५,००० ला जातो, ९.६ चा ८,००० ला, ९.४ चा ६,५०० ला. तुमचं प्रेसिंग १,२०० रुपये. ग्रेडिंग फी, जाण्या-येण्याचं कुरिअर, विमा, कस्टमचं काम असं धरून प्रती कॉमिक ५,५००. म्हणजे एका कॉमिकमागे ६,७०० रुपये खर्च.

दहाही पाठवल्या. ३ ला ९.८ मिळालं, ५ ला ९.६, २ ला ९.४. विक्री ४५,००० अधिक ४०,००० अधिक १३,०००, एकूण ९८,०००. मस्त वाटतं ना? खर्च ६७,०००. हातात राहिले ३१,०००. काहीच न करता विकल्या असत्या तर ६०,००० आले असते.

म्हणजे ग्राहकाचं २९,००० चं नुकसान झालं, आणि तुम्ही १२,००० कमावले. कागदोपत्री तुमचा महिना चांगला गेला. पण तो ग्राहक परत येणार आहे का? या धंद्यात ग्राहक कमी आणि प्रत्येकाकडे पेट्या भरून माल असतो. एक गेला की त्याच्या चार मित्रांसकट जातो.

आता समजा तुमची नजर तयार आहे. दहातल्या फक्त ४ उत्तम प्रती निवडल्या, त्यातल्या ३ ला ९.८ आणि एकीला ९.६ मिळालं. विक्री ५३,०००, खर्च २६,८००, उरले २६,२००. बाकी ६ तशाच विकून ३६,०००. एकूण ६२,२००. म्हणजे इतक्या अचूक निवडीनंतरही जास्तीचे सुटले फक्त २,२०० रुपये, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहिली, डॉलर वर-खाली झाला, पार्सल समुद्रापलीकडे जाऊन आलं.

याउलट एखादं जुनं, मागणी असलेलं कॉमिक घ्या. दोष सगळे वाकण्याचे, रंग न तुटलेला. आज ८.० च्या लायकीचं, ६०,००० चं. नीट दाबल्यावर ९.० मिळालं तर ९०,००० चं. किंमत जास्त म्हणून फी आणि विमाही जास्त, धरा १२,०००. तरी १८,००० सुटतात. म्हणून प्रेसिंगचा खरा ग्राहक हा महाग आणि जुन्या मालाचा असतो, आणि नेमका तोच माल नवशिक्याच्या हातात देऊ नये असा असतो. ही या धंद्याची गोची आहे. शिकण्याचा काळ तुम्हाला स्वतःच्या खिशातूनच काढावा लागतो.

यावरून माझा सल्ला: आधी विकायची ती नजर, मशीन नंतर. "हे पाठवा, हे पाठवू नका" एवढं सांगण्याची फी घ्या. उजेड, भिंग, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणि एक छापील तक्ता एवढ्यावर हे काम चालतं. कणा वरून खाली बघा, रंग तुटलेल्या खुणा मोजा. चारही कोपरे. पिना गंजल्यात का, कागद पिनेतून सुटलाय का. पानं मोजा, मधलं जोडपान जागेवर आहे का बघा, कूपन कापून घेतलेलं नाही ना ते बघा. एक पान कमी असेल तर कव्हर कितीही चमको. टॉर्चखाली नंतर भरलेला रंग पुष्कळदा वेगळा चमकतो. आणि स्लॅबमध्ये असलेलं कॉमिक म्हणजे शंभर टक्के खात्री असंही धरू नका. २०२३ च्या शेवटी तिकडे उघड झालं की कोणीतरी डब्या उघडून आतला माल बदलत होतं आणि डबी बदलून मिळण्याच्या सोयीचा फायदा घेऊन नव्या सीलमध्ये खालच्या दर्जाची प्रत बसवत होतं. कंपनीला संशयित प्रतींच्या नंबरांची यादी जाहीर करावी लागली.

आपल्याकडचा माल

आता तुम्ही म्हणाल, सर, आमच्या गावात स्पायडरमॅनच्या जुन्या प्रती कोण आणणार? पुण्या-मुंबईत आणि परदेशी असलेल्या मराठी मंडळींमध्ये असे संग्राहक आहेत, पण खरं आहे, गिऱ्हाईक मोजकं. आपल्याकडे पेट्यांमध्ये निघतं ते वेगळं: 'इंद्रजाल', 'अमर चित्र कथा', 'चांदोबा'. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघाल्या, मराठीतही निघाल्या. वेताळ, मॅन्ड्रेक आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. आज चाळिशी-पन्नाशीच्या पुढचे लोक त्यासाठी जीव टाकतात.

या बाजारात आकड्यांपेक्षा शब्दच जास्त चालतात, म्हणजे तिकडे १९९९ साली जी अवस्था होती तीच. म्हणून इथे प्रामाणिक वर्णन करणाऱ्याला जागा आहे. पण आपल्या कॉमिक्सचे दोषही आपलेच. कव्हरवर निळ्या शाईने नाव, इयत्ता आणि तुकडी. वाचनालयाचा शिक्का. पिना गंजून कागदाला तपकिरी कडं, कोकणात तर हमखास. सेलोटेपच्या पट्ट्या: टेप गरम प्रेसमध्ये घालायचीच नाही, डिंक वितळून आत मुरतो. डांबरगोळ्यांचा वास, तोही प्रेसने जात नाही.

आणि सगळ्यात मोठी गंमत बाइंडिंगची. हौसेने वीस-पंचवीस अंक एकत्र बांधून घ्यायची पद्धत होती. बाइंडर शेवटी तिन्ही कडा मशीनवर कापून गुळगुळीत करतो. घरच्यांना वाटतं, बाबांनी किती नीट जपलंय! ग्रेडिंगच्या भाषेत त्यातला प्रत्येक अंक कडा कापलेला आहे. म्हणून असा व्हॉल्यूम कोणी "सुटे करून दाबून द्या" म्हणून आणला तर आधी शेजारी सुटा अंक ठेवून उंची मोजून दाखवा. सुटे केल्याने किंमत वाढणार नाही, उलट शिलाईची भोकं दिसतील. व्हॉल्यूम तसाच, चांगल्या पेटीत राहू दे.

एका ताईंनी वडिलांच्या इंद्रजालची पेटी दाखवायला आणली होती. विकायची नव्हती, मुलाला वाचता यावी एवढंच. त्यातल्या साताठ अंकांवर वाळवीची माती होती. काम काय केलं? उन्हात नाही, सावलीत हवा लावली, ब्रशने साफ केलं, बाधित अंक वेगळे काढले, प्रत्येकाला पॉलिप्रॉपिलीनची पिशवी आणि मागे ॲसिड-फ्री बोर्ड. एकही कॉमिक मशीनमध्ये गेलं नाही. मजुरी आणि सामान धरून व्यवस्थित बिल झालं. माझ्या मते महाराष्ट्रात हेच काम जास्त आहे: साफसफाई, क्रमवारी, यादी, पिशवी-बोर्ड, पेटी. सामान घाऊक भावात आणून त्यावर मार्जिन मिळतं, जोखीम जवळजवळ नाही. बोर्ड मात्र खरंच ॲसिड-फ्री घ्या. साध्या राखाडी पुठ्ठ्याने काही वर्षांत मागचं कव्हर पिवळं पडतं.

सुरू करायचंच असेल तर

रद्दीवाल्याकडून पिन मारलेली जुनी मासिकं किलोवर आणा. निदान शंभर दाबा. प्रत्येकाचा आधी-नंतरचा फोटो, त्याच जागी, त्याच तिरक्या उजेडात. तापमान, दाब, डब्यातला वेळ, बाहेरची आर्द्रता वहीत. पहिल्या वीस-तीसांत पिनांचे ठसे येतील, लाटा येतील. ते सगळं रद्दीवरच होऊ दे. मग स्वतःची स्वस्त कॉमिक्स. ग्राहकाचा माल त्यानंतर.

पावती साधी छापून घ्या. अंकाचं नाव आणि नंबर, आलेली अवस्था ग्राहकासमोर लिहिलेली, किमान आठ फोटो (दोन्ही कव्हर, कणा, चार कोपरे, जोडपान), कोणतं काम करायचं आणि कोणतं करायचं नाही, ग्रेडची हमी नाही हे ठळक, आणि नुकसान झालं तर जास्तीत जास्त किती भरपाई ते रुपयांत. ही रक्कम ग्राहकाने सांगायची आणि तुम्ही मान्य करायची. समोरचा "पन्नास हजार" म्हणाला आणि तुमची भरायची ऐपत पाच हजारांची असेल, तर ते कॉमिक घेऊ नका. दुकानात रात्री ठेवणार असाल तर जमिनीपासून फूटभर वर, बाहेरच्या भिंतीला न लावता. जूनच्या पहिल्या आठवड्यात शटरखालून किती पाणी येतं ते तुम्हालाच माहीत असतं.

पावतीचा नमुना आणि अवस्थेचा तक्ता व्हिडिओच्या खाली ठेवलाय, उतरवून घ्या आणि तुमच्या दुकानाचं नाव टाका. पुढच्या भागात पिशव्या आणि बोर्ड घाऊक घेताना काय तपासायचं ते बघू.